भागीचें घोडें : गांवच्या गाड्यांची निगा

श्रोतेहो, आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे : भागीचें घोडें किवणानें मेलें. घोडें चौघांनीं भागींत घेतलेलें. ज्याची पाळी असे तो त्यावर बसे, ओझें लादी आणि संध्याकाळीं दाव्याला बांधून आपल्या घरीं जाई. खोगीर घासून पाठीवर जखम झाली, तिचें किवण झालें. पण औषध लावावयाचें कोणीं, हा प्रश्न चौघांपैकीं एकानेंहि आपला मानिला नाहीं. घोडें म्हातारपणानें मेलें नाहीं, उपासानेंहि मेलें नाहीं. एका लहानशा जखमेनें तें गेलें. आज आपल्या गांवाच्या मालकीचीं जीं घोडीं आहेत, म्हणजे नगरपरिषदेची घंटागाडी, आगीचा बंब, पाण्याचा टँकर, मैला उपसणारी गाडी आणि आरोग्यकेंद्राची रुग्णवाहिका, त्यांच्या निगेविषयीं मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम थोडें मागें जाऊं. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढण्यांत आला तो १८६२ सालीं. मुख्य ठाणें आरंभीं पुलगांवजवळील कवठा येथें होतें. १८६६ मध्यें तें पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं हलविलें आणि तेथें आजचें वर्धा शहर वसलें. येथील नगरपालिका १८७४ सालची. त्या काळीं गांवची वाहतूक म्हणजे बैलाची बंडी. आपल्या भागांतील गवळाऊ बैल चपळ चालीबद्दल नांवाजलेला, आणि बंडी कशी राखावी हें येथल्या पोराला शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक असे. आंसाला एरंडेलाचें वंगण केव्हां द्यावें, उन्हाळ्यांत लांकूड आटून चाकाची लोखंडी धाव सैल होऊं लागली म्हणजे चाक पाण्यांत कसें भिजत ठेवावें, पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे तूप-हळद लावून कसे शेकावे, हें सारें शास्त्र घरोघरीं होतें. मोटार आली आणि तें शास्त्र मिस्त्र्याच्या दुकानांत गेलें. खासगी मोटारवाला निदान मिस्त्र्याकडे जातो, कारण गाडी बंद पडली तर खोळंबा त्याचाच होतो. गांवाच्या गाडीचा खोळंबा सर्वांचा होतो, आणि म्हणूनच त्याची काळजी कोणीच वाहत नाहीं.

या कामाचा विस्तारहि लहान नाहीं. वर्धा जिल्ह्याचें क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर, तालुके आठ, २०११ च्या जनगणनेप्रमाणें वस्ती सुमारें तेरा लक्ष. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, देवळी व सिंदी या सहा ठिकाणीं नगरपरिषदा आहेत. सेलू, कारंजा, आष्टी व समुद्रपूर येथें नगरपंचायती आहेत. आणि १ मे १९६२ पासून ग्रामीण भागाचा कारभार जिल्हा परिषद व तिच्या पंचायत समित्या पाहतात. यांतील प्रत्येक संस्थेच्या दाराशीं कांहीं ना कांहीं गाड्या उभ्या असतात. त्या चालत राहिल्या तर गांव त्यांची आठवणहि काढीत नाहीं. एक दिवस घंटागाडी न आली तर स्वयंपाकघराच्या दाराशीं बादली भरून राहते; तीन दिवस न आली तर कोपऱ्यावर उकिरडा होतो; आणि बंब किंवा रुग्णवाहिका एका रात्रीं चालू न झाली तर पुढें काय होतें तें सांगावयास नको.

या गाड्या येतात कशा हें पाहिलें म्हणजे अर्धें कोडें उलगडतें. बहुतेक गाड्या अनुदानांतून येतात : कधीं वित्त आयोगाच्या, कधीं २०१४ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या, कधीं एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधींतून. गाडी आली म्हणजे तिला हार घालतात, नारळ फोडतात, छायाचित्र निघतें. परंतु अनुदान देणारा गाडी देऊन मोकळा होतो. तिचें तेल, तिचे टायर, तिची बॅटरी, तिचा चालक हा खर्च गांवाच्या रोजच्या तिजोरींतून व्हावयाचा असतो. हत्ती दान करणारे पुष्कळ भेटतात, वैरणीची सोय लावून देणारा क्वचित्. म्हणून ज्या सभेंत गाडी घेण्याचा ठराव होतो त्याच सभेंत तिच्या दरवर्षीच्या दुरुस्तीची रक्कमहि ठरली पाहिजे. तसें न झाल्यास तो ठराव अर्धाच झाला असें समजावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, या सर्व गाड्यांना एकाच मापानें मोजतां येत नाहीं. आपल्या घरच्या मोटारीचें तेल आपण किलोमीटर मोजून बदलतों. घंटागाडीला हें माप फसवें ठरतें. एक साधें गणित करूं. समजा, घंटागाडी दिवसांत अवघे ३० किलोमीटर फिरते. पण तिचें इंजिन सकाळीं सहापासून बारापर्यंत, म्हणजे सहा तास चालूच असतें. त्यांतले दोन तास ती प्रत्यक्ष चालते आणि चार तास दारोदारीं उभी राहून घुरघुरत असते. उभ्या गाडीच्या इंजिनाच्या एका तासाच्या कामाला जाणते लोक सुमारें ४० किलोमीटरांची झीज धरतात. चार तासांचे १६० आणि चाललेले ३०, मिळून १९० किलोमीटर. आतां तेल दर १०,००० किलोमीटरांनीं बदलावें असा नियम असेल तर गाडीच्या कांट्यावर तो आंकडा येण्यास ३३३ दिवस लागतील. परंतु इंजिनानें तेवढें काम अवघ्या ५३ दिवसांत केलेलें असेल. कांट्यावर विसंबणारा कारकून प्रामाणिकपणें वर्षभर थांबतो आणि प्रामाणिकपणेंच इंजिन मारतो. म्हणून अशा गाड्यांचें तेल इंजिन किती तास चाललें तें पाहून बदलावयाचें असतें.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत सहा या प्रदूषणमर्यादेच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांतील डिझेलच्या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. गाडी वेगानें कांहीं काळ धांवली म्हणजे धुराच्या उष्णतेनें ती काजळी जळून गाळणी मोकळी होते. गल्लीबोळांतून पावला-पावलावर थांबणाऱ्या गाडीला ती उष्णता मिळतच नाहीं. गाळणी तुंबते, समोरच्या फळीवर दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ चालकाला कोणीं सांगितलेला नसतो. आठवड्यांतून एकदां तीच गाडी मोठ्या सडकेवर वीस-पंचवीस मिनिटें नेली असती तर हजारों रुपयांचा खर्च टळला असता. मोठ्या गाड्यांत यूरियाचें द्रावण घालावें लागतें, तेंहि वेळेवर आणि शुद्धच घातलें पाहिजे.

बंबाचें दुखणें याच्या अगदीं उलट आहे. तो फिरतच नाहीं. लहानपणीं आपण सर्वांनीं एक कोडें ऐकलें आहे : भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पान कां सडलें? उत्तर एकच : न फिरविल्यामुळें. आगीच्या बंबाला हें कोडें अक्षरशः लागू आहे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते, टायर एकाच जागीं दबतात, रबरी पट्टे व नळ्या उन्हानें तडकतात, पाण्याच्या पंपाचीं बंधनें सुकून गळूं लागतात. म्हणून बंबाला किलोमीटरहि लागू नाहींत आणि तासहि नाहींत. त्याला पंचांग लागू आहे. रोज सकाळीं इंजिन चालू करावें, आठवड्यांतून एकदां पंप चालवून प्रत्यक्ष पाणी मारून पाहावें, टाकी सदैव भरलेली असावी, वापरलेल्या नळ्या वाळवून मगच गुंडाळाव्या. आपल्या जिल्ह्यांत वैशाखांतील ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातें. कापसाच्या गंजी आणि जिनिंगचे कारखाने गांवाला लागून आहेत. ३१ मे २०१६ रोजीं पुलगांवच्या केंद्रीय दारूगोळा भांडारांत लागलेली आग जिल्हा विसरलेला नाहीं. ती विझविण्यास धांवलेल्यांपैकीं कित्येकांनीं प्राण दिले. जे लोक आगीपासून दूर पळण्याऐवजीं तिच्याकडे धांवतात, त्यांच्या हातीं किल्ली फिरवितांच चालू होणारी गाडी देणें हें आपलें किमान कर्तव्य आहे.

आतां रोजच्या निगेकडे वळूं. हें काम मोठ्या कारखान्याचें नाहीं. सकाळचीं दहा मिनिटें पुरतात. गाडी चालू करण्यापूर्वीं रेडिएटरमधील पाणी पाहावें, इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पुसून पाहावी, बॅटरीच्या तोंडाशीं साचलेला पांढरा क्षार पुसावा, चारी टायरांची व स्टेपनीची हवा पाहावी, दिवे व भोंगा तपासावा, ब्रेक दाबून पाहावा, आणि रात्रभर गाडी जेथें उभी होती तेथील जमिनीकडे एक दृष्टि टाकावी. जमिनीवर तेलाचा डाग दिसला तर गाडी आपलें दुखणें स्वतःच सांगत आहे असें समजावें. आपल्याकडे याला ऋतूंची जोड द्यावी लागते. उन्हाळ्यांत बॅटरीचें पाणी उडतें, हवा कमी असलेला टायर तापून फुटतो आणि धुळीनें हवेची गाळणी भरते. पावसाळ्यांत काळी माती चाकांना आणि ब्रेकांना लगडते. घंटागाडीचें आणखी एक विशेष असें कीं, ओल्या कचऱ्याचें पाणी पत्रा खातें. ती रोज रिकामी झाल्यावर धुतली नाहीं तर दोन-तीन पावसाळ्यांत तळाला भोंकें पडतात, आणि मग तेंच घाण पाणी रस्ताभर आपल्या दारापुढें सांडत जातें.

लहान दुर्लक्षाचा मोठा खर्च कसा होतो याचें एक उदाहरण सांगतों. इंजिन थंड राखणारा पंखा आणि पाण्याचा पंप एका रबरी पट्ट्यावर फिरतात. पट्ट्याला तडे गेलेले डोळ्यांना दिसतात. तो बदलण्यास कांहीं शें रुपये पुरतात. न बदलल्यास तो भर रस्त्यांत तुटतो. पाणी फिरेनासें होतें, इंजिन तापतें, आणि चालकानें तशीच गाडी चार किलोमीटर पुढें रेटली कीं हेड वांकतें. आतां खर्च हजारांवर गेला. त्यासाठीं दरपत्रकें मागवावयाचीं, मंजुरी घ्यावयाची, म्हणजे गाडी महिना-दीड महिना अंगणांत उभी. उभी राहिली म्हणून बॅटरी गेली. बॅटरी नाहीं म्हणून इंजिन हलविलें नाहीं. अशा रीतीनें एक पट्टा सबंध गाडी गिळतो. यावर उपाय एवढाच कीं, किरकोळ दुरुस्तीसाठीं ठराविक रकमेपर्यंत खर्च करण्याचा अधिकार गाड्यांची जबाबदारी असणाऱ्या माणसाच्या हातीं असावा आणि त्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला तपासला जावा.

हिशेबाचें नांव निघालें तेव्हां लॉगबुकाविषयीं सांगितलेंच पाहिजे. प्रत्येक सरकारी गाडींत एक वही असते. गाडी केव्हां निघाली, कोठें गेली, कशासाठीं गेली, कांटा किती होता, डिझेल किती घातलें, हें तींत लिहून सही करावयाची असते. कित्येक ठिकाणीं ही वही केवळ लेखापरीक्षकासाठीं, आणि कधीं कधीं महिना संपल्यावर एका बैठकींत, भरली जाते. खरें पाहतां ती गाडीची नाडी आहे. एखादी घंटागाडी रोज ३० प्रमाणें वर्षाचे ३०० दिवस फिरली तर ९,००० किलोमीटर झाले. लिटराला १० किलोमीटर पडले तर डिझेल लागलें ९०० लिटर. हेंच प्रमाण १० वरून ८ वर आलें तर लागेल १,१२५ लिटर. फरक २२५ लिटरांचा. लिटराचा भाव ९० रुपये धरला तर २०,२५० रुपये. हें प्रमाण कां उतरलें? टायरांत हवा कमी असेल, हवेची गाळणी तुंबली असेल, ब्रेक चाकाला धरून राहत असेल, इंजिनाचें कांहीं बिघडलें असेल, किंवा डिझेल दुसऱ्याच कोणाच्या गाडींत जात असेल. ताप कशाचा तें थर्मामीटर सांगत नाहीं. पण ताप आहे एवढें सांगतो, आणि वैद्याला बोलावण्यास तेवढें पुरेसें असतें.

येथें मला माझ्या नोकरींतील एक प्रसंग सांगावासा वाटतो. गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वींची. मी त्या वेळीं एका लहान गांवीं शाळेवर होतों. एका रात्रीं शेजारची सून अडली. जवळच्या एका आरोग्यकेंद्रांत रुग्णवाहिका होती. चालकहि जागेवर होता. त्यानें किल्ली फिरविली, पण इंजिनानें एक उसासा टाकला आणि तें गप्प बसलें. आम्ही सात-आठ जणांनीं धक्का मारून पाहिला. गाडी हलली, पण चालू होईना. शेवटीं दुसऱ्या गांवाहून एक खासगी जीप मागविली. ती येऊन मोठ्या दवाखान्यांत पोंचेपर्यंत सव्वा तास अधिक गेला. बाई वांचली, मूल वांचलें नाहीं. तें त्या सव्वा तासानेंच गेलें असें मी म्हणणार नाहीं. डॉक्टरांनींहि तसें म्हटलें नाहीं. परंतु त्या मुलाच्या आजोबांनीं मला पुढें कित्येकदां विचारलें कीं, गाडी चालू झाली असती तर? मला आजवर त्याचें उत्तर देतां आलेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं त्या चालकाला जरा रागानेंच बोललों. तो कांहीं न बोलतां गाडींतून वही घेऊन आला आणि तीन पानें माझ्यापुढें धरलीं. त्या एका महिन्यांत तीन निरनिराळ्या तारखांना त्याच्या वेड्यावांकड्या अक्षरांत एकच वाक्य होतें : बॅटरी कमजोर आहे. प्रत्येक पानाखालीं वरिष्ठाची सही होती. तो म्हणाला, “गुरुजी, म्या तं तीनदा लिहून देल्लं होतं. पन वाचते कोन?”

श्रोतेहो, सही करणें आणि वाचणें यांतील अंतर मला त्या दिवशीं कळलें. जन्मभर मीं मुलांच्या वह्या तपासल्या. न वाचतां केलेली लाल खूण किती महाग पडते हें मला त्या एका वहीनें शिकविलें. म्हणून माझें मागणें एवढेंच आहे कीं, वही लिहिणारा एक असला तर वाचणारे दोन असावे : एक रोज वाचणारा, जो बिघाडाची नोंद दिसतांच मिस्त्र्याला बोलावील, आणि दुसरा महिन्यानें वाचणारा, जो डिझेलाचें आणि दुरुस्तीचें प्रमाण ताडून पाहील. शिवाय प्रत्येक नोंदीपुढें तिचें काय केलें व कोणत्या तारखेस केलें याचा एक रकाना असावा. तो रकाना कोरा राहिला तर दोष कोणाचा तें आपोआप दिसेल.

हें काम मोठ्या प्रमाणावर कसें चालतें तें पाहावयाचें असल्यास आपल्या एस. टी.कडे पाहावें. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर तिची पहिली गाडी धांवली. तिचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत. पण तिची निगेची मांडणी घेण्याजोगी आहे. किरकोळ काम आगारांत, त्याहून मोठें विभागीय कार्यशाळेंत, आणि सर्वांत मोठें दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत, अशा पायऱ्या तेथें ठरलेल्या आहेत. राज्याच्या आरोग्य खात्यानेंहि आपल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र परिवहन शाखा ठेविली असून तिचें मुख्य कार्यालय पुण्यास आहे. २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेनें ९३७ रुग्णवाहिका एका व्यवस्थेखालीं आणल्या. पंधरा-वीस गाड्यांच्या नगरपरिषदेला एवढा पसारा परवडणार नाहीं हें खरें. परंतु जिल्ह्यांतील दहा नागरी संस्थांनीं आणि जिल्हा परिषदेनें मिळून एक बरी कार्यशाळा, दोन जाणते मिस्त्री आणि सुट्या भागांचें एक कोठार ठेवणें अशक्य आहे काय? सध्यां ज्या योजनेंतून जी गाडी मिळाली ती घेतली, यामुळें एकाच अंगणांत चार कंपन्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि एकीचा भाग दुसरीला लागत नाहीं. शक्य तोंवर एका कामाला एकाच जातीची गाडी घ्यावी. बैलजोडी जुंपतांना शेतकरी जोड पाहतो, तें उगीच नव्हे.

राखीव गाडीचा प्रश्नहि गणितानेंच सुटतो. दहा घंटागाड्या आहेत आणि प्रत्येकीला महिन्यांतून तीन दिवस दुरुस्तीसाठीं द्यावे लागतात असें धरूं. तीसाचा महिना, तीस गाडी-दिवस. म्हणजे सरासरीनें रोज एक गाडी कामावर नाहीं. ज्या गांवाला रोज दहा गाड्यांचें काम आहे त्यानें अकरा ठेवल्या पाहिजेत. आणि हे तीन दिवस आपण ठरवून दिले तर रोज एकच गाडी बाहेर राहील. गाडीवर सोंपविले तर नेमक्या दिवाळीच्या सकाळीं चार गाड्या एकदम बसतील.

गाडीला वय आहे हेंहि मान्य केलें पाहिजे. आठ लक्षांची गाडी दहा वर्षें चालेल असें धरलें तर दरसाल ८०,००० रुपये बाजूस टाकणें हा तिचा घसारा. तो टाकला नाहीं म्हणून जुनी गाडी दुरुस्त करीत बसावें लागतें, आणि शेवटीं दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्याहून अधिक होतो. आतां तर कायद्यानेंच याची मुदत बांधली आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणें १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षें पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढें चालत नाहीं; आणि हा नियम नगरपालिका व पंचायती यांनाहि लागू आहे. पंधरावें वर्ष अचानक उगवत नाहीं. तें गाडी घेतली त्याच दिवशीं ठाऊक असतें. तरीहि त्यासाठीं पैसा बाजूस न टाकणें म्हणजे मुलीचें लग्न ठरल्यावर हुंडीच्या शोधांत निघण्यासारखें आहे.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मालवाहू व प्रवासी गाड्यांना योग्यतेचें प्रमाणपत्र लागतें : गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि पुढें दरवर्षीं. दुसरी गोष्ट विम्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानें अपघातांत सांपडणाऱ्या त्रयस्थ माणसासाठीं विमा सक्तीचा केला आहे. केंद्र व राज्य सरकारच्या, व्यापाराशीं संबंध नसलेल्या गाड्यांना त्यांतून सूट आहे. स्थानिक संस्थेला ती आपोआप मिळत नाहीं. सरकारनें तसा हुकूम काढावा लागतो, आणि भरपाईसाठीं निराळा निधि उभारल्याखेरीज तसा हुकूम निघत नाहीं. “आपली सरकारी गाडी आहे, कोण विचारतो” हा समज म्हणूनच घातक आहे. विमा संपलेल्या टँकरखालीं कोणी सांपडला तर भरपाई गांवाच्या तिजोरींतून, म्हणजे तुमच्या-आमच्या घरपट्टींतून जाते.

या साऱ्या व्यवस्थेच्या मध्यभागीं चालक उभा आहे. आज ही गाडी, उद्यां ती, असें चालू ठेविलें तर कोणतीच गाडी त्याची होत नाहीं आणि आपण पुन्हां भागीच्या घोड्यावर येतों. एका गाडीला एक चालक नेमावा, तिच्या दारावर त्याचें नांव लिहावें, आणि वर्षभर जिची गाडी एकदांहि रस्त्यांत बसली नाहीं त्या चालकाला स्वातंत्र्यदिनीं सर्वांसमोर शालश्रीफळ द्यावें. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं घंटागाड्या ठेकेदाराकडून चालविल्या जातात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु गाडी गांवाची आणि चालक ठेकेदाराचा असा प्रकार असेल तेथें करार संपतांना गाडी कोणत्या स्थितींत परत द्यावयाची हें करारांतच लिहिलेलें असावें. दसऱ्याला आपण गाड्यांना झेंडूचे हार घालतों. ती पूजा अवश्य करावी. पण तेलाची पट्टी पुसून पाहणें ही तिची रोजची पूजा आहे.

शेवटीं आपल्याकडे येतों. कारण घोड्याचे भागीदार आपणहि आहोंत. एका घंटागाडीच्या वांट्याला सहाशें घरें येतात असें समजा. प्रत्येक घरानें बादली शोधण्यांत दहाच सेकंद अधिक घेतले तर ६,००० सेकंद झाले, म्हणजे एक तास चाळीस मिनिटें. तेवढा वेळ इंजिन उभ्या उभ्या जळतें. घंटा ऐकतांच बादली दाराशीं ठेवणें ही गाडीची दुरुस्तीच आहे. दुसरें, २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घातक कचरा निराळा ठेवण्याचें बंधन घातलें. तें पाळलें तर गाडीचा पत्राहि वांचतो. तिसरें, फुटक्या विटा, फरशीचे तुकडे आणि बागेंतली माती घंटागाडींत टाकूं नये. तिचा हौदा उचलणारा दांडा हलक्या केरासाठीं केलेला असतो. राडारोड्यानें तो वांकतो, आणि मग आपणच तक्रार करतों कीं गाडी आली नाहीं.

आणि चौथें : आपण सुशिक्षित आहोंत, तर वाचावें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कोणाहि नागरिकाला सरकारी दप्तर पाहण्याचा व त्याच्या नकला घेण्याचा हक्क दिला आहे. आपल्या प्रभागांतील घंटागाडीचें, आपल्या गांवच्या बंबाचें लॉगबुक वर्षांतून एकदां दोघां-चौघांनीं जाऊन वाचावें. भांडण काढण्यासाठीं जाऊं नये. तपासनिसाच्या तोऱ्यानेंहि जाऊं नये. आपल्याच गोठ्यांतील जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसें जावें. कोठें जखम लागली तर हाताला कळेल. त्या चालकानें मला जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर देण्यासारखें एवढें तरी आपल्या हातीं आहे.